छोट्या इटालियन रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताय? या चुका टाळा

ठाण्यात पोखरण रोडजवळच्या एका नऊ टेबलांच्या इटालियन रेस्टॉरंट आणि वाइन बारमध्ये मी सहा वर्षं कॅप्टन होते. ऑर्डर घ्यायची, केओटी म्हणजे किचनसाठीची ऑर्डरची चिठ्ठी आत द्यायची, वाइन ओतायची, बिल करायचं, हे सगळं माझ्याकडे. आत सहा बर्नर, एक ओव्हन आणि दोन आचारी. दुपारीच करून ठेवलेल्या ग्रेव्ह्यांची पातेली नाहीत. केओटी आत गेली की मग त्या ताटाला हात लागायचा. आपल्याला सवय असते ती मोठ्या हॉटेलांची. तिथे पंधराव्या मिनिटाला चार भाज्या, रोट्या आणि जिरा राइस एकदम टेबलावर येतात. तीच सवय घेऊन नऊ टेबलांच्या जागेत बसलं की चांगलं जेवण डोळ्यांदेखत बिघडतं. मी ते इतक्या वेळा पाहिलंय की आता लिहूनच टाकते.

सगळं एकदम मागवणं

सगळ्यात जास्त नुकसान या चुकीने होतं, आणि त्यातही रिसोटोचं.

रिसोटोला अर्बोरिओ किंवा कार्नारोली हा जाड, स्टार्च जास्त असलेला तांदूळ लागतो. तो लोण्यात परतायचा, थोडी वाइन घालून आटवायची आणि मग गरम स्टॉक, म्हणजे भाज्या किंवा मांस उकळून काढलेलं पाणी, पळी-पळीने घालत सोळा ते अठरा मिनिटं ढवळत राहायचं. तांदळातला स्टार्च सुटतो आणि रस दाट होतो. शेवटी गॅस बंद करून लोणी आणि चीज. ताट हलवलं की भात लाटेसारखा सरकला पाहिजे. इटालियनमध्ये त्याला ‘आल्लोंदा’ म्हणतात. ही लाट टेबलावर आल्यावर काही मिनिटंच टिकते. मग तांदूळ उरलेला रस पिऊन टाकतो आणि ताटात गोळा राहतो.

एका शनिवारी एका काकांची एकसष्टी होती. अकरा माणसं, दोन टेबलं जोडलेली. आठची वेळ, पण धाकटा मुलगा आणि सून गायमुखला ट्रॅफिकमध्ये अडकलेले. थोरल्याने मेनू मिटून मला सांगितलं, “ताई, सगळं एकदमच लावा. ते दहा मिनिटांत येतायत, म्हणजे सगळे बरोबर जेवू.” चार मशरूम रिसोटो, चार पास्ता, दोन पिझ्झा. मी केओटी आत दिली. गायमुखला अडकलेली गाडी दहा मिनिटांत पोखरण रोडला येत नाही हे मला माहीत होतं, तरी दिली. ती माझी चूक.

पावणेनऊला रिसोटो टेबलावर गेले. काकू म्हणाल्या, “थांबा रे, पोरं येऊ देत.” कोणी चमचा उचलला नाही. पोरं नऊ वाजून दहा मिनिटांनी आली. तोवर चारही ताटांत गोळे झाले होते, वर साय धरल्यासारखा पापुद्रा. काकांनी दोन घास घेतले, “छान आहे” म्हणाले आणि चमचा खाली ठेवला. काकूंनी मला हळूच विचारलं, मायक्रोवेव्हमध्ये गरम करून देता येईल का? मी ताटं आत नेली. ज्याने दोन बर्नरवर ते चार रिसोटो ढवळले होते, तो आचारी ताटांकडे बघून काही न बोलता सिंककडे वळला. मायक्रोवेव्हमध्ये तांदूळ आणखी शिजतो आणि चीजमधलं तूप सुटून वर येतं. आम्ही काकांसाठी एक आणि बाकीच्यांसाठी एक असे दोन रिसोटो नव्याने केले. त्यापायी इतर टेबलं अर्धा तास खोळंबली.

काकूंचं मन चुकीचं नव्हतं. सगळे आल्याशिवाय जेवायचं नाही, ही आपली रीतच आहे. पण आपल्या पंगतीतसुद्धा चटणी-कोशिंबीर आधी वाढतात, माणसं बसली की भाताची मूद येते, वरण-तूप पडतं आणि हात लगेच पानाला लागतो. वाफाळता भात वाढून अर्धा तास कुणाची वाट बघत नाहीत. इटालियन जेवणाचा क्रमही तसाच आहे: आधी अँटिपास्ती म्हणजे सुरुवातीचं हलकं खाणं, मग प्रिमी म्हणजे पास्ता-भात, मग सेकोंदी म्हणजे मांस-मासळी, शेवटी गोड.

मी स्वतः जेवायला जाते तेव्हा माणसं पूर्ण होईपर्यंत फक्त ऑलिव्ह, चीजचं ताट, भाजून मुरवलेल्या भोपळी मिरच्या असलं काही मागवते. गार झालं तरी त्यांचं काही जात नाही. शेवटचा माणूस खुर्चीत बसला की पास्ता किंवा रिसोटो सांगते. आणि ज्याच्यापुढे ताट आलं त्याने सुरू करायचं, हे आमच्या घरात आता ठरलेलं आहे. सासूबाईंना पटायला वर्ष लागलं. फोटो काढायचा तर एक काढा.

“अठरा मिनिटं लागतील” म्हटलं की “जरा लवकर नाही होणार?” हा प्रश्न ठरलेला. होतं लवकर. कित्येक ठिकाणी तांदूळ सकाळीच दोन तृतीयांश शिजवून, ट्रेमध्ये पसरून फ्रिजमध्ये ठेवतात आणि ऑर्डर आली की सहा-सात मिनिटांत उरकतात. खाण्याजोगा होतो, नाही असं नाही. पण ढवळता ढवळता सुटलेल्या स्टार्चचा तो एकजीव रस त्यात येत नाही, आणि मग तो भरून काढायला क्रीम ओततात. मला हा मार्ग आवडत नाही. घाई असलेल्या गिऱ्हाइकानेच तो किचनला शिकवला आहे.

“हा कच्चा राहिलाय”

आपली भात शिजल्याची खूण म्हणजे बोटचेपा. पास्त्याची खूण दात. ‘आल देंते’ म्हणजे दाताला जाणवेल असा, मध्ये किंचित कणी राहिलेला. परत पाठवलेला पास्ता पुन्हा पाण्यात गेला की लिबलिबीत होऊन येतो आणि सॉस पाणचट होतो. अगदी मऊच हवा असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, त्यात कमीपणा नाही. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झाही मध्ये ओलसर असतो. ४३० ते ४८० अंशांच्या लाकडांवर पेटवलेल्या भट्टीत तो ६० ते ९० सेकंदच राहतो. तो कडक होणार कसा? पिझ्झा करणाऱ्यांची ही कला २०१७ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

“व्हेज आहे ना?” एवढंच विचारणं

हे मला सगळ्यात जास्त लागलेलं प्रकरण.

एका मुलीचा दहावीचा निकाल लागला म्हणून घरचे पाच जण आले होते. आजी माळकरी, गळ्यात तुळशीची माळ. नातीने मेनूवरचे हिरवे ठिपके बघून ऑर्डर दिली. शेवटी आजींसाठी पानाकोट्टा मागवला. “यात अंडं नाही ना?” तिने विचारलं. मी नाही म्हणाले, आणि ते खरं होतं. क्रीम, साखर, व्हॅनिला. आजींनी अर्धी वाटी संपवली, आवडला म्हणून सांगितलं. मी सहज आत जाऊन विचारलं की हा इतका छान थरथरतो कशाने? आचारी म्हणाला, जिलेटिन.

जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांपासून निघतं. मेनू छापणाऱ्याने दुधाचा गोड पदार्थ म्हणून हिरवा ठिपका देऊन टाकला होता आणि आमच्यापैकी कुणीच तो तपासला नव्हता. मी बाहेर येऊन त्यांना सांगितलं. न सांगण्याचा विचार मनात आला नाही असं म्हणणार नाही. आजींनी चमचा ठेवला, पाणी मागितलं, चूळ भरून आल्या. जाताना मला म्हणाल्या, “तू येऊन सांगितलंस ते बरं केलंस.” त्यांच्या सुनेने मात्र माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून आमचा पानाकोट्टा चायना ग्रासवर गेला. आचाऱ्याला तो अजिबात आवडला नाही, कारण चायना ग्रासने पदार्थ घट्ट आणि ठिसूळ बसतो, जिलेटिनसारखा जिभेवर विरघळत नाही. त्याचं म्हणणं चवीपुरतं बरोबर होतं. मी तरी ऐकलं नाही.

“व्हेज आहे ना?” या प्रश्नाला सवयीने “हो” असंच उत्तर येतं. म्हणून नाव घेऊन विचारा. खरं पार्मिजानो रेज्जानो नियमानुसार वासराच्या पोटातल्या रेनेटनेच, म्हणजे दूध गोठवून चीज करायच्या द्रव्यानेच करतात. पेकोरिनो रोमानोला कोकराचं रेनेट. पेस्तो या बेसिलच्या चटणीत अशी चीज असतात. भारतात बनलेल्या बऱ्याच चीजमध्ये सूक्ष्मजीवांपासून केलेलं रेनेट असतं, तेव्हा कुठलं वापरलंय ते पाकीट बघून सांगायला लावा. ताज्या ताल्यातेल्ले, राव्हिओलीच्या पिठात बहुधा अंडं असतं. सुक्या स्पगेटी-पेनेमध्ये फक्त ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी. पुतानेस्का सॉसमध्ये अँकोव्ही मासे. तिरामिसूत अंडं. आणि मशरूम रिसोटो वाचून निर्धास्त होऊ नका, स्टॉक चिकनचा असू शकतो. कांदा-लसूण नको असेल तर टेबल बुक करतानाच सांगा, कारण तिथल्या बहुतेक सॉसची सुरुवातच त्यांनी होते.

माझी स्वतःची सवय: “आत विचारून या, मी थांबते.” वेटर आत गेला नाही आणि तिथल्या तिथे “हो मॅडम” म्हणाला, तर तो पदार्थ मी घेत नाही.

गरम रेड वाइन

रेड वाइन रूम टेंपरेचरला प्यायची, हे कुठेतरी वाचलेलं असतं. ते टेंपरेचर थंड देशातल्या दगडी घराचं, म्हणजे साधारण १४ ते १८ अंश. ठाण्यात मे महिन्यात रात्रीसुद्धा २८-३० अंश असतात. त्या गरमीत रेडमधलं अल्कोहोल नाकात चढतं आणि फळाचा वास मागे पडतो. बाटली दहा-पंधरा मिनिटं बर्फाच्या बकेटमध्ये ठेवायला सांगा. “रेडला बर्फ?” असं कुणी भुवई उंचावून विचारलं तर विचारू दे. ग्लासमध्ये बर्फ मात्र टाकू नका.

सुरुवातीला ग्लासात घोटभर ओततात ते तुम्हाला आवडली का हे विचारायला नाही, बाटली खराब नाही ना हे बघायला. बूच बिघडलेलं असेल तर पावसात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा वास येतो. तसा आला तर खुशाल परत करा. तुरट लागली म्हणून उघडलेली बाटली परत करू नका. त्याआधी ग्लासने मागवून बघायला काय हरकत होती? ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० चे पाच ग्लास होतात.

आणि इटालियन जेवणाबरोबर इटालियनच वाइन हवी हा हट्ट सोडा. आपल्या सोलापूर जिल्ह्यात अकलूजला फ्राटेल्ली या वाइन कंपनीच्या मळ्यांत सांजोवेझे हे द्राक्ष पिकतं. इटलीतल्या टस्कनीची किआंती ही वाइन मुख्यतः याच द्राक्षापासून होते. टोमॅटोच्या सॉसबरोबर ती मी डोळे मिटून देत असे, टोमॅटोचा आंबटपणा पेलण्याइतका आंबटपणा तिच्यात असतो. झणझणीत आराब्याता पास्त्याबरोबर नाशिकची शेनिन ब्लां ही पांढरी वाइन थंडगार घ्या. इंपोर्टेडच्या किमतीत दोन ग्लास जास्त होतात.

बाकीच्या, भराभर

कार्बोनारात क्रीम नसतं. अंडं, पेकोरिनो, मिरी आणि ग्वांचाले, म्हणजे डुकराच्या गालाचं खारवलेलं मांस. ‘व्हेज कार्बोनारा’ मागितलात तर किचन व्हाइट सॉस देणार, मग चवीची तक्रार करू नका.

मामलेदारच्या मिसळीवर वाढलेल्या जिभेला इटालियन अळणी वाटतं हे मला मान्य आहे. मग आराब्याता किंवा आल्यो ए ओल्यो, म्हणजे लसूण-तेलातली स्पगेटी मागवा. पहिला घास घ्यायच्या आधीच चिली फ्लेक्स आणि ओरेगॅनोची पाकिटं रिकामी करू नका.

चीज गार्लिक ब्रेडच्या दोन प्लेटी आधी मागवणारं टेबल पास्ता निम्मा टाकून उठतं. मी मोजून पाहिलेलं नाही, पण उष्टी ताटं मीच उचलायचे.

२ ऑक्टोबरला वाइन मिळत नाही. मतदान संपण्याच्या आधीचे ४८ तासही नाही. लग्नाचा वाढदिवस त्या तारखांना येत असेल तर एक दिवस अलीकडे-पलीकडे करा. दारात उभं राहून आमच्याशी वाद घालून ड्राय डे उठत नाही.

बिलात खाण्यावर जीएसटी आणि वाइनवर राज्याचा व्हॅट असे दोन कर वेगळे दिसतात, कारण दारू जीएसटीत येत नाही. दोनदा कर लावला म्हणून कॅशियरवर आवाज चढवू नका.

शेवटच्या ऑर्डरची वेळ विचारून ठेवा. आमची पावणेअकराची होती, आणि अकराला पाच कमी असताना येऊन रिसोटो मागणारे रोज कुणी ना कुणी असायचे. त्या वेळी बर्नर पुसून होत आलेले असतात, आचाऱ्याची शेवटची लोकल डोक्यात असते. उशीर झालाच असेल तर आल्यो ए ओल्यो मागा. स्पगेटीला नऊ मिनिटं लागतात, तेवढ्यात तेलात लसूण आणि सुकी मिरची होऊन जाते, आणि थकलेल्या आचाऱ्याच्या हातूनही ती बिघडत नाही.