दोन वर्तुळांची झालरबाही

थर्स्टन या गणितज्ञाच्या भूमितीवरून डिझायनर डाय फुजिवारा यांनी 2010 मध्ये इसी मियाके या जपानी फॅशन ब्रँडचं कलेक्शन पॅरिसला मांडलं. त्यातला मूळ विचार साध्या ब्लाउजच्या बाहीवरही उतरवता येतो. एका बिंदूभोवती 360 अंश असतात. तिथे 720 अंशांचं, म्हणजे दोन पूर्ण वर्तुळांचं कापड बसवलं की ते सपाट राहूच शकत नाही, लाटा उठतात. जोडावर चुण्यांचा जाडपणा मात्र येत नाही.

बाहीचा घेर 28 सेंमी, झालर 15 सेंमी धरू. दोन्ही बाह्यांना मिळून चार वर्तुळं लागतात. 44 इंची पन्ह्याचं मलमल किंवा ऑर्गंझा पाऊण मीटर पुरतं. नाशिकच्या मेनरोडवर दोन्ही मिळतात. मलमल आधी भिजवून, वाळवून घ्या. येवल्याची पैठणी यासाठी कापू नका, सरळ विणलेला काठ गोलात वळत नाही.

आता हिशोब. प्रत्येक वर्तुळाला बाहेरच्या कडेपासून आतल्या गोलापर्यंत एक चीर द्यायची, तिच्या दोन्ही बाजूंना 1 सेंमी शिलाई जाते. म्हणजे दोन वर्तुळांत 4 सेंमी गेले. बहुतेकांचं इथेच चुकतं, झालर घेराला कमी पडते. 28 + 4 = 32, एका वर्तुळाला निम्मे 16, भागिले 6.28 (दोन पाय), त्रिज्या अडीच सेंमी. ही शिलाईची रेघ. आतला गोल 2 सेंमी त्रिज्येवर कापा, बाहेरचा साडेसतरावर.

दोन्ही चिरा एकमेकींना जोडून कडं तयार करा. आतल्या अर्ध्या सेंमीत, रेघेपासून दोन धागे अलीकडे थांबून, दर सेंमीला कात्रीने बारीक काप द्या. ते नसतील तर कड सरळ होत नाही आणि शिलाईत घड्या अडकतात. मग बाहीला लावा.

पिकोची घाई नको. वर्तुळात काही भाग उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका येतो, तो लोंबतो. एक रात्र हँगरवर टांगा, खालची कड समान कापा, मगच पिको. खालचा घेर सुमारे 216 सेंमी भरतो, त्यामुळे पिकोवाल्याला माप आधी सांगा. ऑर्गंझात लाटा ताठ उभ्या राहतात. मलमलीत पडतात, आणि रोजच्या वापराला तेच बरं.

तीन वर्तुळं हवी असतील तर 28 + 6, भागिले 3, भागिले 6.28: त्रिज्या 1.8 सेंमी. कापड तेवढंच, पण इतक्या छोट्या गोलावर मशीन वळवायला हात बसलेला हवा.