कादंबरीसाठी आपलंच पुणं फिरायचं असेल तर

आपल्याच गावावर कादंबरी लिहायची म्हटलं की पहिली अडचण ही की ते गाव आपल्याला माहिती असतं. म्हणजे इतकं माहिती असतं की आपण बघतच नाही. शनिवारवाड्यावरून रोज गाडी काढणाऱ्या माणसाला विचारा दिल्ली दरवाजा कुठल्या दिशेला तोंड करून आहे, निम्मे लोक गडबडतील (उत्तरेला आहे, नावातच आहे की). त्यामुळे नुसतं "चला जरा पेठांमधून चक्कर मारू, काहीतरी सुचेल" असं करून काही हाती लागत नाही, फोटो मिळतात आणि मिसळ खाऊन परत येतो आपण. माझं म्हणणं असं की शहर तुम्ही फिरायचंच नाही, तुमच्या पात्राने फिरायचं, तुम्ही फक्त त्याच्या मागे मागे जायचं.

त्यासाठी घरातून निघायच्या आधी एक गोष्ट पक्की करा, साल. "साधारण साठचं दशक" असलं चालत नाही, नेमकं साल हवं आणि जमलं तर महिनासुद्धा. उदाहरण म्हणून धरू की तुमचा नायक छापखान्यात कंपोझिटर आहे (म्हणजे शिशाचे खिळे, अक्षरांचे ठसे, जुळवून मजकूर लावणारा), कसबा पेठेत भाड्याने राहतो, नोकरी सदाशिव पेठेत खुन्या मुरलीधराजवळ, आणि साल आहे 1961. आता लगेच बघा किती गोष्टी आपोआप ठरतात. महाराष्ट्र राज्य होऊन जेमतेम वर्ष झालंय. नवे पैसे 1957 ला आलेत पण तोंडात अजून आणेच आहेत, त्यामुळे मंडईतला संवाद लिहिताना दोन्ही हिशोब एकाच वाक्यात येऊ शकतात आणि ते फार छान दिसतं. बालगंधर्व रंगमंदिर नाही, ते 1968 चं. नदी ओलांडायला लकडी पूल आहे, नवा पूल आहे, पण झेड ब्रिज नाही आणि भिडे पूलही नाही, म्हणजे नायकाला डेक्कनवर जायचं तर तुमच्या आजच्या सवयीचा शॉर्टकट त्याला घेता येणार नाही. सिनेमा बघायचा असेल तर आजचं किबे लक्ष्मी तेव्हा प्रभात आहे. आणि सगळ्यात मोठं म्हणजे 12 जुलै. त्या दिवशी सकाळी बांधकाम चालू असलेलं पानशेत धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचंही गेलं, पाणी पेठांमध्ये घुसलं आणि मग ओसरलंही. तुमचा सीन जूनमधला असेल तर नदीकाठचे वाडे उभे आहेत, ऑगस्टमधला असेल तर तिथे गाळ, पडलेल्या भिंती आणि सामान शोधणारी माणसं आहेत. छापखाना नदीच्या बाजूला ठेवलात तर केसमधले, म्हणजे लाकडी खणांमधले, खिळे चिखलात गेलेत. जुनी माणसं अजून "पानशेतच्या आधी" आणि "पानशेतनंतर" अशी वर्षं मोजतात, तुमच्या पात्रांनीही तसंच बोलायला हवं.

आता चालायला लागा, आणि चालाच, गाडी घरी ठेवा. कसबा गणपती, शनिवारवाडा, अप्पा बळवंत चौक, लक्ष्मी रोड, मग सदाशिव पेठ, सगळं मिळून दोन किलोमीटरसुद्धा नाही. पण ज्या वेळेला तो कामावर जातो त्याच वेळेला निघा आणि ज्या वेळेला परत येतो त्याच वेळेला परत या, कारण सकाळी उन्हाची बाजू वेगळी असते आणि संध्याकाळी वेगळी, आणि हे घरी बसून सुचत नाही. सकाळी तांबट आळीवरून जा. तिथे अजून काही घरांमध्ये तांब्याच्या भांड्यांवर ठोके पडतात. तो आवाज एका घरातून येतो तेव्हा काय वाटतं ते नीट ऐका आणि मग विचार करा की पूर्ण आळी ठोकत असताना शेजारच्या वाड्यात रात्रपाळी करून आलेला माणूस झोपत कसा असेल. असा प्रश्न पडला की समजा काम चालू झालं. फोनवर दोन-तीन मिनिटं नुसता आवाज रेकॉर्ड करून ठेवा, फोटोपेक्षा नंतर त्याचाच जास्त उपयोग होतो.

चालताना देखण्या गोष्टी टिपू नका, वापराच्या टिपा. म्हणजे पाऊस आला तर आडोसा कुठे, उधारी कुठे मिळेल, कुठल्या वळणावर ओळखीचं माणूस भेटायचंच, आणि हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, दोन माणसांना कोणी न बघता बोलायचं असेल तर ती जाणार कुठे? वाड्यात एकांत नसतो. चौकात नळ, ओसरीवर आजोबा, जिन्यात मुलं, भिंतीपलीकडे दुसरं बिऱ्हाड, संडास सामाईक. मग ओंकारेश्वराचा घाट येतो, पर्वतीच्या पायऱ्या येतात, आणि लक्षात येतं की जागा ही शोभेला नसते, तिच्यामुळे प्रसंग घडतो किंवा अडतो. पर्वतीला 103 पायऱ्या आहेत, त्या बोलत बोलत चढून बघा, कितव्या पायरीला धाप लागून संवाद तुटतो ते कळेल, तुमच्या पात्राचं वय धरून त्यात कमीजास्त करा.

पत्ता सांगायची पद्धतही उचला. जिलब्या मारुती, पासोड्या विठोबा, उपाशी विठोबा, सोट्या म्हसोबा. पुण्याबाहेरच्या वाचकाला ही नावं गमतीची वाटतात म्हणून लेखक लगेच त्यामागची आख्यायिका सांगत बसतो, ते प्लीज टाळा. पुणेकर सांगत नाही, तो फक्त "उपाशी विठोबाकडून आत ये" म्हणतो आणि फोन ठेवतो (1961 ला घरोघरी फोनही नाही म्हणा).

वाड्यात शिरताना दारात उभं राहून हाक मारा, विचारून आत जा, परवानगीशिवाय कॅमेरा काढू नका. आणि "मी कादंबरी लिहितोय, तुमच्या आठवणी सांगा" असं म्हटलं की समोरचे आजोबा एकदम भाषणाच्या सुरात बोलायला लागतात. त्यापेक्षा छोटं विचारा. काका, नळाला पाणी किती वाजता यायचं? आजी, पुराच्या दिवशी चुलीवर काय होतं? घरभाडं द्यायला कोण जायचं, मालक यायचा का? भाड्यावरून तर हमखास गाडी सुरू होते, कारण भाडं कायद्याने गोठलेलं, मालक डागडुजी करत नाही, भाडेकरू सोडत नाही, आणि वाडा हळूहळू खचत जातो, पेठांमधली निम्मी भांडणं तिथूनच निघालीत. एका वाड्याची आख्खी कादंबरी त्यात आहे खरं तर.

कागदांसाठी फार लांब जायला नको. पुणे नगर वाचन मंदिर 1848 पासूनचं आहे, सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ आहे, आणि 1885 च्या पुणे गॅझेटिअरच्या तिसऱ्या भागात शहराची पेठवार माहिती मिळते, तुमची कथा जुनी असेल तर ते वाचाच. जुनी वर्तमानपत्रं चाळताना मात्र अग्रलेख सोडा आणि छोट्या जाहिराती बघा. खोली भाड्याने देणे, सायकल विकणे, हरवला आहे, वधू पाहिजे. किमती, भाषा, लाज, सगळं त्यात असतं.

अजून एक, जे सगळे लिहितात ते निदान पहिल्या ड्राफ्टमध्ये बाजूला ठेवा. पुणेरी पाट्या, दुपारी बंद दुकानं, अमृततुल्य, पेठी खवचटपणा. आणि पुणं म्हणजे लक्ष्मी रोडच्या आजूबाजूचा पट्टा असंही नाही, भवानी पेठ, नाना पेठ, कॅम्पकडे गेलात की कानावर दखनी येते, मारवाडी येते, तेलुगू येते, तुमचा कंपोझिटर कधी तिकडे कागद आणायला गेलाच तर त्याला ते ऐकू यायला हवं. गणपती टाळता येत नसेल तर निदान मिरवणूक नको, दुसऱ्या दिवशीचा अलका चौक घ्या, रस्त्यावर नुसत्या चपला पडलेल्या असतात.

रस्ते, चौक, देवळं खरी ठेवा पण वाडा मात्र मनाचा बांधा. खऱ्या दोन बोळांच्या मध्ये एक खोटा बोळ घुसवला तर कोणाला काही त्रास नाही, उलट कुठल्या खऱ्या कुटुंबाला "हे आमच्यावरच लिहिलंय" असं वाटत नाही. त्या वाड्याचा नकाशा मात्र कागदावर काढून भिंतीला चिकटवा, दिंडी दरवाजा कुठे, जिना कुठल्या बाजूला, कोणाच्या खिडकीतून कोणाचं दार दिसतं, नाहीतर तिसऱ्या प्रकरणात वरच्या मजल्यावरची बाई दहाव्या प्रकरणात खाली राहायला येते.

आणि सगळा रिसर्च संपवून मग लिहू असं करू नका, तो संपत नाही. आधी सीन लिहून काढा, जे माहिती नाही तिथे रिकामी जागा सोडा, "इथे कुठला तरी आवाज", "इथून नदी दिसते का?", असं कंसात लिहा, आणि त्या रिकाम्या जागांची यादी घेऊन सकाळी सातला कसब्यात उतरा. हल्ली तिथे मेट्रोचं स्टेशनसुद्धा आहे, पार्किंग शोधायची कटकट नाही.