हब मोटरचा रिजन ब्रेक लागत नाही? कंट्रोलर बदलण्याआधी या चुका टाळा

पाचगणीत इलेक्ट्रिक सायकल रात्रभर चार्जिंगला लावायची, सकाळी बॅटरी काठोकाठ भरली की पसरणी घाट उतरून वाईला निघायचं, आणि पहिल्याच उतारावर चाकाच्या मधल्या (हब) मोटरचा ब्रेक लागेनासा झाला की मोटरची वीज सांभाळणारा ‘कंट्रोलर गेला’ म्हणून नवा मागवायचा. ही चूक महागात पडते, आणि कंट्रोलर बदलूनही तक्रार तशीच राहते. दोष कंट्रोलरचा नसतोच. रिजनमध्ये, म्हणजे मोटरनेच वेग आवरताना, मोटर जनरेटर होते आणि तिची वीज बॅटरीत जायला हवी. भरलेल्या बॅटरीत ती जाणार कुठे?

हिशेब करून पाहा. पाचगणी आणि वाई यांच्या उंचीत साधारण ५५० मीटरचा फरक आहे. सायकल, स्वार, सामान मिळून १०० किलो धरले तर उतरताना १५० वॅट-अवर ऊर्जा मोकळी होते. हवा, टायर आणि मोटरची कॉइल यांत त्यातली निम्मी गेली असं मानलं, तरी ७५ वॅट-अवर बॅटरीकडे येतात. ४८ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी ४८० वॅट-अवरची असते. ती ८० टक्क्यांवर थांबवली तर ९६ वॅट-अवरची जागा उरते आणि घाटभर ब्रेक मिळतो. म्हणून घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी बॅटरी पूर्ण भरू नये. वाईहून वर जाणाऱ्याने खुशाल भरावी, त्याला आधी चढ आहे.

१३ सेलच्या ओळीची ४८ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरल्यावर ५४.६ व्होल्ट दाखवते, म्हणजे सेलला ४.२ व्होल्ट. कंट्रोलरमध्ये व्होल्टेजची वरची मर्यादा नीट लावलेली असेल, तर त्या मर्यादेजवळ तो रिजन स्वतःच कमी करतो. मर्यादा लावलेली नसेल तर बीएमएस (बॅटरीच्या आतलं तिला जपणारं सर्किट) मध्येच बॅटरी तोडतो, आणि हा प्रकार खरोखर वाईट. करंट वाहत असताना बॅटरी अचानक सुटली की कंट्रोलरवरचं व्होल्टेज उसळतं. त्यातले कपॅसिटर आणि मॉसफेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) उडू शकतात. शिवाय घाटाच्या वळणावर हाताखालचा अर्धा ब्रेक एका क्षणात नाहीसा होतो. म्हणूनच पुढचे-मागचे साधे ब्रेक पूर्ण ताकदीचे ठेवल्याशिवाय रिजनच्या भरवशावर घाट उतरू नका.

यातच एक बारकावा आहे. बॅटरीला चार्जिंगची आणि मोटरची वायर वेगवेगळी असेल, तर रिजनची वीज मोटरच्या वायरीतून उलटी आत शिरते आणि बीएमएसमधलं जास्त-चार्जिंगपासूनचं संरक्षण तिला अडवत नाही. अशा बॅटरीवर कंट्रोलरची मर्यादा हाच एकमेव पहारा असतो. दोन्ही कामांना एकच वायर असेल तर संरक्षण मिळतं, पण चार्जिंग करंटची मर्यादाही लागू होते. ती ५ अँपिअर असेल आणि रिजन १० अँपिअर ढकलत असेल, तर बॅटरी अर्धी रिकामी असूनही बीएमएस तोडेल. रिजनचा करंट सेटिंगमधून कमी करा.

आता एक प्रश्न, जो खरं तर खरेदीच्या वेळीच विचारायला हवा. तुमच्या हबमध्ये गिअर आहेत का? भारतात २५० वॅटपर्यंतच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आतल्या सायकलींना नोंदणी लागत नाही, आणि या वर्गात छोटे, हलके गिअर हब खूप दिसतात. त्यांच्यात एकतर्फी क्लच असतो. चाक पुढे फिरताना मोटर सुटी होते, म्हणून पायडल मारणं हलकं जातं. पण मग उतारावर चाक मोटरला फिरवूच शकत नाही आणि रिजन होत नाही. कुठलाही कंट्रोलर आणला तरी होणार नाही. रिजन हवं असेल तर बिनगिअरचा डायरेक्ट ड्राइव्ह हब लागतो, वजनाने जड आणि आकाराने मोठा. ओळखायला पाने-पेचकस नकोत. बॅटरी बंद करून, चाक उचलून पुढे आणि मागे हाताने फिरवा. गिअर हब पुढे सुटा फिरतो, मागे अडतो. डायरेक्ट ड्राइव्ह दोन्हीकडे सारखाच, चुंबकांचे हलके हिसके देत फिरतो.

हब बरोबर आहे आणि बॅटरीतही जागा आहे, तर ब्रेक लिव्हरच्या स्विचकडे वळा. चाक उचलून थ्रॉटल द्या आणि लिव्हर ओढा. मोटर थांबलीच नाही तर स्विच, चुंबक किंवा वायर बघायची. लिव्हर ‘लो ब्रेक’च्या वायरला जोडायचा असतो, ‘हाय ब्रेक’ची वायर स्कूटरच्या ब्रेकलाइटच्या १२ व्होल्टसाठी असते आणि कंट्रोलरवर दोन्ही शेजारी असल्याने ती हमखास चुकते. मोटर थांबली पण ब्रेक जाणवला नाही, तर रिजनचं सेटिंग बंद आहे, ईबीएसची (इलेक्ट्रॉनिक ब्रेकची) वायर जोडायची राहिली आहे किंवा कंट्रोलरमध्ये ती सोयच नाही. स्विच लागायच्या आधीच ब्रेक पॅड पकडत असतील तर केबल थोडी ढिली करा, म्हणजे पहिला ताण मोटर घेईल.

थ्रॉटल सोडल्यावर डिस्प्लेवर व्होल्टेज वाढलं म्हणजे चार्जिंग सुरू झालं, असं समजू नका. भार उतरला की कुठल्याही बॅटरीचं दबलेलं व्होल्टेज वर येतंच. उलट दिशेचा करंट दाखवणारा मीटर लावला तरच खरं कळतं. आणि शहरातल्या सिग्नलवर फार अपेक्षाही ठेवू नका. ताशी २५ किलोमीटरवरून १०० किलोचं वजन थांबवताना एकूण ऊर्जाच पाऊण वॅट-अवर भरत नाही. पायी चालण्याच्या वेगाला तर जवळपास काहीच परत येत नाही, त्यामुळे शेवटचं थांबणं नेहमी साध्या ब्रेकवर.

याच्या उलट तक्रार म्हणजे बॅटरी काढली तरी चाक जड फिरतं. मोटरच्या तीन जाड वायरी कंट्रोलरपासून सोडवा. चाक मोकळं झालं तर कंट्रोलरमधला मॉसफेट शॉर्ट आहे, आणि इथे मात्र कंट्रोलर खरोखर गेलेला असतो. तरीही जडच राहिलं तर वायरी आपसात शॉर्ट झाल्या आहेत, बहुधा एक्सलमधून बाहेर पडतात तिथेच.

एक्सलवरून आठवलं, टॉर्क आर्म (एक्सल फिरू नये म्हणून फ्रेमला अडकवायची पट्टी) न लावणं ही चूक सगळ्यांत धोक्याची. साध्या हबचा एक्सल एकाच दिशेने ताण घेतो. रिजन असेल तर प्रत्येक ब्रेकला ताण उलटतो, एक्सल खाचेत पुढे-मागे हलत राहतो आणि नट ढिले होतात. एक्सल फिरला की वायरी पिळून तुटतात आणि चाक निसटूही शकतं. दोन्ही बाजूंना पोलादी टॉर्क आर्म बसवा, विशेषतः अॅल्युमिनियमच्या फोर्कवर. पहिल्या काही दिवसांत नट पुन्हा आवळा, आणि नटावर व एक्सलवर मिळून रंगाची एक रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की घाटात जाण्याआधी पाना घ्या.