रिस्टोर केलेला जुना चित्रपट कसा पारखावा: आधी कान, मग डोळे

डिस्कच्या वेष्टनावर ‘नवीन ४के रिस्टोरेशन’ असं छापलेलं असतं, पण त्यावरून आत काय आहे ते कळत नाही. रिस्टोरेशन म्हणजे जुन्या फिल्मची दुरुस्ती करून तिच्यावरून काढलेली नवी प्रत, आणि ४के हा नुसता स्कॅनचा, म्हणजे फिल्मच्या डिजिटल नकलेचा, आकार झाला. स्कॅन कशाचा केला, आणि त्यानंतर चित्रावर आणि आवाजावर किती हात फिरवला, हे दोन प्रश्न खरे. माझी नोकरी डबिंग-मिक्सिंगच्या खोल्यांत झाली, त्यामुळे पारख मी कानापासून सुरू करते. तुम्हीही तसंच करून पाहा. चित्र सुंदर असलं की डोळे लगेच खूश होतात आणि कानांकडे लक्षच राहत नाही.

उदाहरणाला सत्यजित राय यांचा बंगाली चित्रपट ‘पथेर पांचाली’ (१९५५) घेते. पारखायला लागणारं सगळं त्या एका चित्रपटात आहे, आणि त्याची मूळ सामग्री कुठून आली तेही नीट नोंदलेलं आहे. जुलै १९९३ मध्ये लंडनच्या हेंडरसन प्रयोगशाळेत आग लागली आणि राय यांच्या अनेक चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह (कॅमेऱ्यातून निघालेली पहिली फिल्म) होरपळल्या. त्या तशाच जपून ठेवल्या गेल्या. पुढे जुन्या चित्रपटांच्या डिस्क काढणारी अमेरिकन कंपनी क्रायटेरियन आणि ऑस्कर देणाऱ्या अकॅडमीचं फिल्म अर्काइव्ह यांनी हे काम हाती घेतलं. इटलीतल्या बोलोन्याच्या ‘लिमाजिने रित्रोवाता’ प्रयोगशाळेत ठिसूळ झालेल्या फिल्मला रसायनांनी पुन्हा ओलावा दिला, तुटलेल्या कडा हातांनी दुरुस्त केल्या. या हातकामाला सुमारे १,००० तास लागले. ‘पथेर पांचाली’चा जवळपास ४० टक्के आणि त्याच्या पुढच्या भागाचा, ‘अपराजितो’चा, ६० टक्क्यांहून जास्त भाग मूळ निगेटिव्हवरूनच मिळाला. तिसऱ्या भागाची, ‘अपुर संसार’ची, उरलेली दोन रिळं वापरण्यापलीकडे गेली होती, म्हणून तो सगळा चित्रपट फाइन-ग्रेन मास्टर आणि ड्यूप निगेटिव्ह, म्हणजे मूळ निगेटिव्हच्या नकला, यांवरून उभा केला.

हे एवढं सविस्तर सांगितलं, कारण पारखायला बसण्याआधी ही माहिती हातात हवी. डिस्कसोबतची पुस्तिका वाचा, किंवा चित्रपटाच्या सुरुवातीची पाटी थांबवून वाचा. ‘मूळ कॅमेरा निगेटिव्ह’ लिहिलं असेल तर अपेक्षा उंच ठेवा. ‘ड्यूप’ किंवा ‘प्रिंट’ असेल तर चित्र थोडं मऊ, दाणेदार असणारच. त्याबद्दल कुणाला दोष देऊ नका. फिल्मची नक्कल काढली की दर पिढीला बारीकसारीक तपशील गळतो. काहीच लिहिलेलं नसेल तर मात्र सावध व्हा. ज्यांनी मनापासून काम केलं ते सामग्री कुठून आणली हे सांगतातच.

आता टीव्ही. हे पाच मिनिटांचं काम आहे, पण टाळू नका. चित्र मोडमध्ये ‘फिल्ममेकर’ किंवा ‘सिनेमा’ निवडा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय पूर्ण बंद करा. सोनीवर तिचं नाव मोशनफ्लो, एलजीवर ट्रूमोशन, सॅमसंगवर ऑटो मोशन प्लस. नॉइज रिडक्शनही बंद. शार्पनेस खाली आणा. ‘पथेर पांचाली’ची श्रेयनामावली हाताने लिहिलेल्या अक्षरांत आहे. तिथे चित्र थांबवा आणि अक्षरांभोवतीची पांढरी कड जाईपर्यंत शार्पनेस कमी करत न्या. बहुतेक टीव्हींवर हे शून्याच्या आसपास जमतं; काहींवर मधला आकडाच तटस्थ असतो. कड शून्यावरही गेली नाही, तर ती डिस्कमध्येच आहे.

मग डोळे मिटा.

‘पथेर पांचाली’चा आवाज मोनो, म्हणजे एकाच ध्वनिपट्टीचा, आहे आणि तो मोनोच ऐकायला हवा. होम थिएटर असेल तर रिसीव्हरवर ‘डायरेक्ट’ किंवा ‘स्टिरिओ’ निवडा. एका ध्वनिपट्टीतून पाच स्पीकरसाठी काढलेला पसारा खोटा असतो. संवाद खोलीभर तरंगतात आणि माणूस पडद्यावर कुठे उभा आहे हे कानाला कळेनासं होतं. डिस्कवर ५.१ (पाच स्पीकर आणि एक खर्जाचा) आणि मूळ मोनो असे दोन पर्याय असतील तर मोनोच घ्या.

पहिल्यांदा दोन संवादांमधली शांतता ऐका. ऑप्टिकल ध्वनिपट्टी चित्राच्या शेजारी फिल्मवरच छापलेली असते, त्यामुळे तिच्यात बारीक खरखर असतेच. ती हलकी आणि सलग असेल तर काम चांगलं झालंय. संवाद सुरू झाला की खरखर येते आणि संपला की गप्प होते, असं ऐकू आलं तर कुणीतरी यंत्राकडून जागोजाग आवाज कापून घेतलाय. त्याहून वाईट म्हणजे खरखर मुळीच नाही आणि माणसं पाण्याखालून बोलल्यासारखी वाटतात. अशा वेळी ‘स’, ‘श’, ‘च’ या व्यंजनांकडे कान द्या. खरखर आणि ही व्यंजनं ध्वनीच्या एकाच वरच्या पट्ट्यात राहतात, एक खरडून काढलं की दुसरंही जातं. बंगाली येत नसेल तर इथे सोयीचंच आहे. अर्थात मन अडकत नाही, व्यंजनं नुसती ऐकू येतात.

दुसरी जागा कासफुलांच्या, म्हणजे पांढऱ्या तुऱ्यांच्या उंच गवताच्या, रानातली. आगगाडी येण्याआधी अपू आणि दुर्गा ही भावंडं तारांच्या खांबाला कान लावतात आणि तो गुणगुणणारा आवाज ऐकतात. तो स्थिर, लांबट नाद आहे. रिस्टोरेशन करताना यंत्रावर फार विसंबलं तर यंत्राला असा नाद गोंगाट वाटतो आणि ते त्याला पातळ करतं. तो अंगावर येईल इतका स्पष्ट असायला हवा.

तिसरी जागा ऐकताना मला आजही थोडा वेळ थांबावं लागतं. दुर्गा गेल्याचं ठाऊक नसलेला बाप हरिहर परततो, दुर्गासाठी आणलेली साडी तिच्या आईच्या, सर्वजयाच्या, हातात देतो आणि ती कोसळते. तिचा आक्रोश आपल्याला ऐकू येत नाही, त्या जागी तारशहनाई (गजाने वाजवायचं तंतुवाद्य) वाजते. तो सूर उंच आणि धारदार आहे. वाईट काम झालं असेल तर तो फाटतो, किंवा यंत्राने बोथट केलेला असतो. सूर टोकापर्यंत चढला, जरासा खरखरीत राहिला आणि तरी फाटला नाही, तर त्या ध्वनिपट्टीला कुणीतरी कळवळ्याने हाताळलंय.

डोळे उघडण्याआधी एक साधा हिशेब. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी चालतो, पाल या टीव्ही-पद्धतीची डीव्हीडी २५ ने. म्हणून युरोपातल्या जुन्या डीव्हीडीवर १२५ मिनिटांचा चित्रपट १२० मिनिटांत उरकतो, आणि सूर सुधारून घेतला नसेल तर तो अर्धस्वराच्या सुमारे ७० टक्के चढतो. काळी एकमधली सतार पांढरी दोनच्या दिशेने बरीच सरकते. रविशंकरांचं संगीत असलेल्या चित्रपटात हे सहन करू नका. वेष्टनावरची मिनिटं मूळ लांबीशी पडताळून पाहा. ब्लू-रेवर ही अडचण सहसा येत नाही.

आता चित्र. घरातल्या म्हाताऱ्या इंदिर ठाकरुणचा चेहरा जवळून दिसतो तिथे थांबा. ती भूमिका करणाऱ्या चुनिबाला देवींच्या चेहऱ्यावरची प्रत्येक सुरकुती ही तुमची मोजपट्टी. ग्रेन (फिल्मचा दाणा) म्हणजे घाण, असं समजून तो पुसायची सवय या धंद्यात बरीच वर्षं होती. कृष्णधवल फिल्मवर चित्र चांदीच्या कणांचंच बनलेलं असतं. कण पुसले की चित्रही पुसलं जातं. गाल मेणासारखे गुळगुळीत दिसले, चेहरा हलला की सुरकुत्या क्षणभर विरघळून परत आल्या, तर ग्रेन पुसलेला आहे. ग्रेन जिवंत, सतत सरकणारा हवा. तो एकाच जागी गोठून चौकोनी ठिपक्यांसारखा दिसला, तर तो डिस्कवर अपुरा डेटा दिल्याचा दोष आहे. कासफुलांच्या रानात हे चटकन सापडतं. वाऱ्यात हलणारी हजारो पांढरी पाती दाखवायला भरपूर डेटा लागतो.

काळा रंग वादळाच्या रात्री तपासा. खोलीत अंधार करून बसा. कोनाड्यातला गणपती, फडफडणारा पडदा, आईचा चेहरा अंधारातून वेगवेगळे ओळखू यायला हवेत. सगळं एका काळ्या डागात मिसळलं तर कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधारातला फरक) वाढवलेला आहे. ‘अपराजितो’ (१९५६) मध्ये हे आणखी महत्त्वाचं. बनारसच्या घराचं अंगण स्टुडिओत उभारलं होतं आणि छायाचित्रकार सुब्रत मित्रांनी कापडावरून परतवलेला, सावल्या न पाडणारा प्रकाश तिथे वापरला. आभाळातून उतरणारा उजेड असतो तसा तो दिसायला हवा. कॉन्ट्रास्ट ताणला की त्यांची सगळी मेहनत मातीमोल.

चौकटीचं थोडक्यात: ‘पथेर पांचाली’चं प्रमाण १.३७ ला १ आहे, म्हणून रुंद टीव्हीवर डावी-उजवीकडे काळ्या पट्ट्या राहणारच. टीव्हीचं ‘झूम’ किंवा ‘वाइड’ लावून त्या घालवू नका. तिथे माणसांची डोकी आणि पाय कापले जातात, नाहीतर माणसं आडवी ताणली जातात.

आपल्या जुन्या मराठी चित्रपटांकडे याच नजरेने, पण थोड्या मायेने बघावं. २००३ च्या जानेवारीत पुण्यात नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि प्रभातच्या बऱ्याच चित्रपटांची मूळ सामग्री गेली. ‘संत तुकाराम’ (१९३६) सारख्या चित्रपटात राय यांच्या चित्रपटांइतका बारकावा मागणं अन्यायाचं होईल. ऑनलाइन सापडणाऱ्या कित्येक प्रती तर व्हीसीडीवरून चढवलेल्या असतात. व्हीसीडीच्या चित्राचा आकार ३५२ गुणिले २८८; त्यावर ‘एचडी’ लिहिल्याने त्यात काही भर पडत नाही. चेहरे चौकोनांनी बनलेले दिसले, कोपऱ्यात एखाद्या वाहिनीचं पुसट चिन्ह उरलेलं दिसलं, की ओळखा. आणि रंग चढवणं हे रिस्टोरेशन नव्हे. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) २००४ मध्ये पूर्ण रंगवून आला, पण त्यातल्या मूळ कृष्णधवल भागांची छायाप्रकाशाची मांडणी कृष्णधवलसाठीच केलेली होती. मिळेल तेव्हा मूळ आवृत्ती बघा.

खरेदीच्या वेळी रीजनचा (डिस्क कोणत्या देशांतल्या प्लेअरवर चालेल या गटांचा) घोळ लक्षात ठेवा. भारत ब्लू-रेच्या ‘सी’ गटात येतो आणि अमेरिकन डिस्क बहुतेक ‘ए’ गटाच्या असतात. आपल्याकडच्या साध्या प्लेअरवर त्या चालत नाहीत. ४के अल्ट्रा एचडी डिस्कला मात्र रीजनचं कुलूप नसतं, आणि २०२४ पासून अपूचे तिन्ही चित्रपट क्रायटेरियनने ४के डिस्कवरही आणले आहेत. त्यासाठी ४के प्लेअर लागेल. संचात सोबत येणाऱ्या ब्लू-रेवर ‘ए’चं बंधन कायम असतं, तेव्हा मागवण्याआधी आपल्याकडे कोणता प्लेअर आहे ते बघून घ्या.