ड्रायव्हर टिकवायचा तर आधी हे करा
नागपूरजवळच्या वाडी, कापसीला तुमचे ट्रक उभे अन् ड्रायव्हर सोडून चालले, असं होऊन राहिलं असेल ना भाऊ, तर पगार वाढवायच्या आधी हिशोब बघा. ट्रिपभत्ता गाडी निघायच्या आधीच द्या, डिझेल कमी पडलं म्हणून न विचारता पैसे कापू नका, अन् लोडिंगला दोन दिवस गाडी अडकली तर हॉल्टिंगचे, म्हणजे गाडी थांबून राहिल्याचे पैसे ड्रायव्हरलाही द्या, कारण गाडी उभी असली तरी तो घराबाहेरच असतो, खरा राग इथंच साचतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ डिग्रीपर्यंत जातो, १ ऑक्टोबर २०२५ पासून बनलेल्या ट्रकला एसी केबिन सक्तीची झाली, जुन्या गाडीत निदान चांगला पंखा तरी बसवा. अन् घरी जायची तारीख ठरवली की ती पाळाच.