पुंगळीची मान तासायला बसण्यापूर्वी

ही यादी अमेरिकेत बेंचरेस्ट नेमबाजी (बंदूक टेबलावर टेकवून अचूक नेम साधण्याचा खेळ) करणाऱ्या आणि स्वतःची काडतुसे स्वतः भरणाऱ्यांसाठी आहे. पुंगळी म्हणजे काडतुसाचे पितळी कवच, मान म्हणजे तिचा गोळी धरणारा अरुंद भाग आणि खांदा म्हणजे मानेखालचा उतार. मान तासणे म्हणजे तिची भिंत बाहेरून कापून सगळीकडे एकसारख्या जाडीची करणे. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करता येत नाही, त्यामुळे तिथे हा उद्योग करू नये.

पुंगळ्या एकाच लॉटच्या आणि स्वच्छ असाव्यात. त्या आधी फुल-लेंग्थ डायमधून (पुंगळीला पूर्ण लांबीत मापात आणणाऱ्या साच्यातून) काढाव्यात आणि त्यानंतर, मान तासायच्या यंत्राला हात लावण्यापूर्वी, प्रत्येक पुंगळीची लांबी छाटून एकसारखी करावी. याचे कारण सविस्तर देतो. हाताने चालवायच्या बहुतेक यंत्रांत पुंगळीचे तोंड मँड्रेलच्या (मानेत आतून बसणाऱ्या दांड्याच्या) बुडाशी टेकले की काप थांबतो. म्हणजे पाते खांद्याच्या किती आत जाणार हे पुंगळीची लांबीच ठरवते. पुंगळी लांब असेल तर पाते खांद्यापर्यंत पोहोचतच नाही आणि मानेच्या मुळाशी जाड पितळाचे कडे शिल्लक राहते. आखूड असेल तर पाते खांद्यात घुसते आणि पुंगळी नेमकी तिथेच कमकुवत होऊन तडकते. डायमधून काढताना लांबी बदलते, म्हणून छाटणी त्यानंतरच करायची, आधी नव्हे. नव्या पुंगळ्या सारख्याच असतील असे गृहीत धरू नये. मोजाव्यात आणि छाटाव्यात.

मग मान यंत्राच्याच जोडीच्या एक्स्पांडर मँड्रेलने फुलवावी, नाहीतर ती मँड्रेलवर डगमगते आणि काप एका बाजूला खोल जातो. मँड्रेलला दर पुंगळीला वंगण हवेच. मँड्रेल तापले की फुगते, पितळ त्याला चिकटते आणि मापही सरकते. हाताला गरम लागले की थांबावे, घाई करू नये. पाते पुंगळीच्या खांद्याच्या कोनाचेच असावे: .३०८ विंचेस्टर या काडतुसाचा खांदा २० अंशांचा आहे, ६ पीपीसी या काडतुसाचा ३० अंशांचा.

जाडी कॅलिपरने नव्हे, बॉल मायक्रोमीटरने (गोल टोकाच्या मायक्रोमीटरने), मानेभोवती चार ठिकाणी मोजावी. किती तासायचे हे चेंबरवरून, म्हणजे बंदुकीत काडतूस बसते त्या पोकळीवरून ठरते. उदाहरणार्थ, ६ पीपीसीच्या ०.२६२ इंची चेंबरमध्ये भरलेल्या काडतुसाची मान ०.२६० ठेवायची असेल, तर ०.२४३ इंची गोळीसाठी मानेची भिंत साडेआठ थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) लागते. चेंबर आणि मान यांच्यातले हे दोन थाऊ मोकळे सोडलेच पाहिजेत. मान चेंबरमध्ये घट्ट बसली तर ती गोळी सोडत नाही आणि दाब धोकादायक पातळीला जातो. पहिला काप टाकाऊ पुंगळीवर घ्यावा, आणि तीही त्याच लांबीला छाटलेली असावी, नाहीतर तिच्यावर लावलेले माप बाकीच्यांना लागू पडणार नाही.

पुढचे थोडक्यात. तोंडाची कड आतून-बाहेरून मोडावी, बारीक स्टील वूल फिरवावे, पितळाचा चुरा आणि वंगण पुसावे. बुशिंग (डायमधले मान आवळणारे कडे) भरलेल्या काडतुसाच्या मानेपेक्षा एक-दोन थाऊ लहान घ्यावे. पहिले भरलेले काडतूस चेंबरमध्ये घालण्यापूर्वी त्याची मान मोजावी.