डेक्कन कॉलेजचं म्युझियम बघायला जाताय? मग सोबत एखादी आत्या न्या

आधी रिक्षावाल्याला नीट सांगा, "डेक्कन कॉलेज, येरवडा". नुसतं डेक्कन म्हणालात तर तो सरळ गुडलक चौकात नेऊन सोडेल आणि मग अख्खं पुणं ओलांडून परत यायचं. निघायच्या आधी फोन करून हे पुरातत्त्वाचं म्युझियम उघडं आहे का तेही विचारा, कारण ही मुळात संशोधन संस्था आहे, सुट्टीच्या दिवशी हेलपाटा पडू शकतो.

आत गेल्यावर सगळं बघायच्या मागे लागू नका. जुन्या काळची शेती बघायला गेला असाल तर थेट इनामगावच्या वस्तू गाठा. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावरचं हे गाव, सांकळिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञ मंडळींनी १९६८ पासून तिथे कितीतरी सीझन खोदकाम केलं आणि इ.स.पू. १६०० ते ७०० अशी जवळजवळ नऊशे वर्षांची शेतकऱ्यांची वस्ती बाहेर काढली. म्हणजे शिवनेरी, शनिवारवाडा वगैरे सगळं कालपरवाचं.

भांडी बघताना घाई करू नका. लालसर अंगावर काळ्या रेघा, कडेला तोटी, ही जोर्वे पद्धतीची भांडी (जोर्वे हे संगमनेरजवळचं गाव). मग दगडाची पाती बघा, बोटाच्या पेराएवढी, अशी पाती लाकडात ओळीने बसवली की झाला विळा. आणि दळायचा दगड दिसला की जातं शोधत बसू नका, गोल फिरणारं जातं आपल्याकडे बरंच नंतर आलं, तेव्हा पाट्यावर वाटतो तसं पुढे-मागे घासूनच धान्य दळायचे. धान्य म्हणजे मुख्य सातू (जव), थोडा गहू, कडधान्यं. नदीचं पाणी वळवायला बांध आणि पाटसुद्धा होता त्यांच्याकडे.

आता आत्याचा मुद्दा. पाट्या वाचून जेवढं कळतं त्याच्या दुप्पट शेतात राबलेल्या माणसाकडून कळतं, हा माझा अनुभव. मी आत्याला घेऊन गेलो होतो, तिला वाटलं मडकी बघायला कशाला एवढं लांब. पण इनामगावला घराजवळ धान्य साठवायचे खड्डे सापडलेत असं मी तिला सांगितलं तर लगेच म्हणाली, "अरे हे तर पेव!" आणि मग जी सुरू झाली ती थांबेचना. पेवाला आतून गवत-पाचट लावायचं, तोंड मातीने लिंपायचं, आणि उघडल्यावर लगेच आत उतरायचं नाही, आधी कंदील सोडायचा, विझला तर वरच थांबायचं, आत हवा कोंडलेली असते, माणूस जातो. सांगलीजवळच्या हरिपूरला हळद अशाच पेवांत ठेवायचे. आपण क्लासेसचं पेव फुटलंय म्हणतो ते पेव हेच, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, लाज वाटली थोडी.

अजून एक, इनामगावला चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवून पुरलेला एक माणूस सापडलाय, बहुतेक गावचा मुखिया. त्याच्या घराशेजारीच धान्याचं कोठार होतं. आत्याची कॉमेंट, "म्हणजे पाटलाचा वाडा आणि वसुली तेव्हापासूनच की."

इ.स.पू. १००० च्या आसपास पाऊस कमी होत गेला आणि चौकोनी मोठी घरं जाऊन छोट्या गोल झोपड्या आल्या, शेती आटली, शेळ्यामेंढ्यांवर भर वाढला. हा बदल घरांच्या आकारात दिसतो, तेवढा नीट बघून घ्या. शिरूरचा दुष्काळ बघितलेल्या माणसाला वेगळं समजवायला लागत नाही.

फोटो काढायचे तर विचारून काढा. लहान मुलं असतील तर तास-दीड तास पुरे, नंतर कॅम्पसमधल्या मोठ्या झाडांखाली डबा खा.

आणि जाण्याआधी एकदा घरातला माळा तपासा. पायली, शेर, मापटं असं धान्य मोजायचं जुनं माप सापडलं तर घरच्या मोठ्यांना विचारून ठेवा कशात किती बसायचं, पायलीत चार शेर वगैरे. आमच्याकडचं मापटं आत्याने परत आल्यावर शोधून काढलं, आईने त्यात पेनं ठेवली होती. ती सगळी टेबलावर ओतून तिने आधी मापटं भरून ज्वारी मोजली, मगच चहा घेतला.